सातबारा, निवाडा आणि साडेबारा टक्के : गव्हाण परिसरातील न्यायकल्पनेचा इतिहास

गव्हाण हे रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील, पनवेल आणि उरण यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातले खाडीकाठचे गाव असून उलवे, वहाळ, शेलघर, न्हावे आणि उरण तालुक्यातील जासई ही त्याच्या आसपासची गावे होत. हा सारा पट्टा १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत होता, पुढे तो कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. वस्ती मात्र मुख्यतः आगरी, कोळी आणि कराडी समाजांचीच राहिली आणि तिची उपजीविका भात, मीठ व मासळी या तिहींवर चालली. कोणता धंदा प्रतिष्ठेचा, कोणता पैसा हक्काचा, लाच कशाला म्हणावे आणि न्याय झाला असे केव्हा म्हणावे, याविषयी या गावांत आज जी मते सहज ऐकू येतात, त्यांचे मूळ काही जण नव्या पैशाच्या मोहात शोधतात. हे निदान उथळ आहे. जमीन कोणाच्या नावावर लागली, ती कशी गेली आणि तिच्या बदल्यात काय परत आले, याचा गेल्या शंभर वर्षांचा क्रम पाहिला तर ती मते अनुभवातून, पुष्कळदा महागड्या अनुभवातून, घडलेली दिसतात.

खाडीकाठची भातजमीन निसर्गाने तयार दिलेली नसते. भरतीचे खारे पाणी अडवणारा मातीचा बांध घालून, पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडणारी उघाडी बसवून आणि काही पावसाळे जमीन गोड होण्याची वाट पाहून ती कमवावी लागते. असा बांध उधाणात एका जागी फुटला तरी सर्वांचेच पीक बुडते, म्हणून त्याची दुरुस्ती सामाईक श्रमानेच होत असे. बांध घालून देणाऱ्याला शिलोत्री म्हणत आणि बांधाच्या देखभालीसाठी कुळाकडून त्याला जे धान्य मिळे त्याला शिलोत्र म्हणत. या व्यवस्थेत घेण्याचा हक्क निदान तत्त्वतः तरी राबण्याच्या जबाबदारीशी बांधलेला होता, आणि म्हणूनच ज्या वसुलीमागे असे कोणतेही काम नसे ती या भागात अन्यायाची मानली गेली.

अशी वसुली म्हणजे खोती. सरकार आणि रयत यांच्या मध्ये बसून गावाचा सारा गोळा करणारा वतनदार तो खोत. त्याच्याकडून जमीन कसायला घेताना कुळाला कबुलायत, म्हणजे अटींचा लेखी करार, लिहून द्यावा लागे आणि खंडाखेरीज वेठीची कामेही अंगावर पडत. कुलाबा जिल्ह्यातील कुळांनी याला दिलेले सर्वांत मोठे उत्तर अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेथील कुळांनी जमीन कसण्याचेच नाकारले आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. या काळात संपकरी कुटुंबांनी जंगलातील लाकूडफाटा, मासळी आणि मजुरी यांवर गुजराण केली. १९३७ मध्ये याच चळवळीतून ‘कृषीवल’ हे पत्र निघाले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे शेतकरी कामगार पक्षाला कुलाबा जिल्ह्यात जो दीर्घकाळ आधार मिळाला त्याची बीजे याच आठवणीत आहेत. न्याय अर्ज करून मिळत नाही, सर्वांनी मिळून हात आखडता घेतला की मिळतो, ही समजूत चरीने जिल्हाभर पोचवली.

१९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा आणि त्यातील पुढील दुरुस्त्या यांनी या समजुतीला कायद्याचे रूप दिले. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवण्यात आला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो तिचा खरेदीदार मानला जाणार होता आणि शेतजमीन न्यायाधिकरण आकाराच्या, म्हणजे जमिनीवरील शेतसाऱ्याच्या, २० पट ते २०० पट या मर्यादेत किंमत ठरवणार होते. ही कार्यवाही कायद्याच्या ज्या कलमांखाली चाले त्यांची नावे खेड्यांत रूढ झाली: चौकशी ती ‘बत्तीस ग’ आणि पैसे भरल्यावर मिळणारे खरेदीचे प्रमाणपत्र ते ‘बत्तीस म’. निरक्षर शेतकऱ्यालाही आपल्या घरात ‘बत्तीस म’ झाले आहे की नाही हे पक्के ठाऊक असे, यावरून कागदाचे वजन केव्हा वाढले ते कळते. कसणारा तो मालक हे तत्त्व मान्य झाले, पण मालकी सिद्ध होऊ लागली ती नांगराने नव्हे, सातबाऱ्याने. गाव नमुना सात आणि बारा एकत्र करून केलेला हा उतारा जमिनीचा धारक, क्षेत्र आणि पीक यांची नोंद देतो. त्याच १९५७ साली जासईचे वकील दिनकर बाळू पाटील, ज्यांना सारा परिसर ‘दि. बा.’ म्हणून ओळखतो, पनवेलमधून विधानसभेवर निवडून आले.

मालकीचे हे सुख फार टिकले नाही. मुंबईच्या वाढीला खाडीपलीकडे जागा द्यावी ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली होती. शासनाने ती स्वीकारल्यावर फेब्रुवारी १९७० मध्ये ८६ गावांतील खासगी जमिनी संपादनासाठी अधिसूचित झाल्या, १७ मार्च १९७० रोजी सिडको हे शासकीय महामंडळ कंपनी म्हणून स्थापन झाले, आणि १९७३ मध्ये आणखी नऊ गावांची भर पडून ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावे व सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र नवी मुंबई या नव्या शहराच्या आखणीत आले. कृषक दिनापासून या अधिसूचनेपर्यंत अवघी तेरा वर्षे जातात. ज्या पिढीने खंड भरला तीच मालक झाली आणि तिचीच प्रकल्पग्रस्त म्हणून नोंद झाली. एका आयुष्यात एवढी स्थित्यंतरे पाहिलेल्या माणसाने सरकारी शब्दावर सावधपणे विश्वास ठेवला, तर त्याला संशयी म्हणणे अन्यायाचे होईल.

तक्रारीचे खरे मूळ संपादनाच्या कायद्यात होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार जमिनीची किंमत कलम चारची अधिसूचना ज्या दिवशी निघाली त्या दिवसाच्या बाजारभावाने धरली जाई. अधिसूचना १९७० ची आणि निवाडा, म्हणजे भूसंपादन अधिकाऱ्याने भरपाई ठरवणारा आदेश, कित्येक वर्षांनी, असे झाले की मधल्या काळात शहराच्या चाहुलीने वाढलेली किंमत शेतकऱ्याच्या हिशेबात येत नसे. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरील पूल वाशीला येऊन पोचला आणि जमिनीचा भाव सर्वांच्या डोळ्यांदेखत चढू लागला; तो भाव ज्याच्या शेतावर चढला त्याला सोडून इतर सर्वांना मिळणार होता. कायद्याच्या दृष्टीने यात गैर काही नव्हते, आणि नेमकी हीच गोष्ट गावांच्या नैतिक हिशेबात फार महत्त्वाची ठरली, कारण कायदेशीर असलेलेही अन्यायाचे असू शकते हा धडा येथे पुस्तकातून नव्हे, पनवेलच्या मेट्रो सेंटर नावाच्या भूसंपादन कार्यालयातून मिळाला.

वाढीव मोबदला आणि विकसित जमिनीत वाटा या मागण्यांसाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळचा दास्तान फाटा आणि नवघर फाटा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मरण पावले. वसंतदादा पाटील तेव्हा मुख्यमंत्री होते. दरवर्षी जानेवारीत या हुतात्म्यांना अभिवादन होते. दि. बां.चे २०१३ मध्ये निधन झाले. नवी मुंबई विमानतळाला त्यांचे नाव द्यावे यासाठी २४ जून २०२१ रोजी हजारो लोक बेलापूरच्या सिडको भवनाकडे निघाले, हे त्या आठवणीचेच फळ होय. त्या आंदोलनात पैशाची कोणतीही मागणी नव्हती, ही बाब या परिसराला केवळ भूखंडाची भाषा कळते असे समजणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

१९८४ चे दुसरे महत्त्व कायद्याच्या इतिहासात आहे. त्या वर्षी २४ सप्टेंबरपासून भूसंपादन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. सक्तीने जमीन घेतल्याबद्दल बाजारभावावर जी जादा रक्कम देत, जिला दिलासा रक्कम म्हणतात, ती १५ वरून ३० टक्के झाली. निवाडा दोन वर्षांत देण्याचे बंधन आले. आणि कलम २८-अ नवे घातले गेले. हे कलम विशेष होते. भरपाई कमी वाटल्यास कलम १८ खाली दिवाणी न्यायालयाकडे संदर्भ अर्ज करता येई, परंतु तो मुदतीत करणे, वकील देणे आणि वर्षानुवर्षे तारखांना जाणे सर्वांना जमत नसे; कलम २८-अ मुळे त्याच अधिसूचनेतील एकाने न्यायालयातून वाढ मिळवली, तर न गेलेल्या शेजाऱ्यालाही तीन महिन्यांत अर्ज करून तोच दर मागता येऊ लागला. त्यामुळे एकाचा दावा हा गावाचा दावा झाला. वकिलाची फी वाढीव मोबदल्याच्या हिश्शावर ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांत मनाई असली, तरी संपादनाच्या प्रकरणांत अशी बोली होते असे सर्रास बोलले जाते, आणि न्यायालयाविषयी ‘न्याय मिळतो पण नातवाला’ अशा आशयाचा शेरा ऐकू येतो, त्यात चेष्टा आणि हिशेब दोन्ही असतात.

या सगळ्यातून जे सूत्र निघाले ते साडेबारा टक्के योजना या नावाने प्रसिद्ध आहे. ६ मार्च १९९० च्या शासन निर्णयाने आणि २८ ऑक्टोबर १९९४ च्या सुधारणेने असे ठरले की संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित क्षेत्र मूळ खातेदाराला भूखंडाच्या रूपाने परत द्यावे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होत असल्याने प्रत्यक्षात पावणेनऊ टक्केच हाती येतात. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के कागदावर सुमारे ५०६ आणि वजावटीनंतर सुमारे ३५४ चौरस मीटर होतात. त्यावर दीड चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकाम करण्याची मुभा, आणि पंधरा टक्क्यांपर्यंत वाणिज्य वापर मिळतो. भूखंड मात्र साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला जातो. खोताचे कूळ १९५७ नंतर मालक झाले होते, ते १९९० नंतर महामंडळाचे पट्टेदार झाले. तरीही या योजनेचे मूल्य कमी लेखता येणार नाही, कारण शहरामुळे वाढणाऱ्या किमतीत मूळ धारकाचा वाटा आहे हे तत्त्व तिने मान्य केले. विमानतळाच्या संपादनाच्या वेळी २०१४ मध्ये तोच वाटा साडेबावीस टक्क्यांवर गेला, त्यामागे १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेला नवा भूसंपादन कायदा आणि या पट्ट्याची संघटित ताकद या दोन्ही गोष्टी होत्या.

व्यवसायाच्या निवडीवर याचा झालेला परिणाम दोन टप्प्यांत पाहावा लागतो. पहिल्या टप्प्यात नोकरी हेच भरपाईचे दुसरे नाव होते. शेती गेलेल्या घरात पगार यावा या अपेक्षेने रयत शिक्षण संस्थेचे गव्हाण येथील छत्रपती शिवाजी विद्यालय आणि अशा इतर शाळांतून मुले शिकली. प्रकल्पग्रस्तांसाठी शासकीय सेवेच्या वर्ग तीन आणि वर्ग चारमध्ये पाच टक्के समांतर आरक्षण होते, आणि त्यासाठी लागणारा ‘प्रकल्पग्रस्त दाखला’ कुटुंबातील एकाच्याच नावे होत असल्याने तो कोणत्या भावाने घ्यायचा हा घरातला मोठा निर्णय ठरे. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि बंदरातील कायम नोकरी ही लग्नाच्या बाजारातली सर्वांत वजनदार पात्रता बनली. पुढे कायम पदे आटली, कंटेनर साठवणुकीच्या यार्डांत कंत्राटी कामगारांचे युग आले, आणि दुसरा टप्पा सुरू झाला. भरावाचा ठेका, डंपर आणि ट्रेलर, जेसीबी, वाळू-खडी पुरवणारे ‘बिल्डिंग मटेरियल सप्लायर’, मजूर पुरवठा, भाड्याच्या खोल्या हे धंदे वाढले. बाहेरचा निरीक्षक यात शिक्षणाविषयीची अनास्था पाहतो. वस्तुतः शिकून कंत्राटी पगार आणि न शिकता ठेक्याचा नफा अशी तुलना समोर असताना तरुणांनी केलेली निवड व्यवहाराला धरूनच होती. तिचा धोका एवढाच की हे धंदे बांधकामाच्या लाटेवर अवलंबून आहेत आणि लाट ओसरल्यावर ट्रेलरचा हप्ता ओसरत नाही.

पैशाविषयीचे मत याहून संमिश्र आहे. रोख भरपाईचा पैसा टिकला नाही, तो घर, लग्ने, हळदीचे समारंभ आणि वाहने यांत गेला, अशी कबुली गावांतच दिली जाते. हळदीच्या खर्चाला आळा घालण्याची आवाहने आगरी-कोळी समाजाच्या संघटनांतूनच पुढे आली आहेत. मात्र ज्या समाजाला पैसा एकदम, एकाच वेळी आणि जमिनीच्या बदल्यात मिळाला, त्याच्याकडून पगारदाराची काटकसर अपेक्षिणे हेही एक प्रकारचे अज्ञानच.

भ्रष्टाचाराचा विचार करताना गावातील बोली आणि कायदा यांच्यातील अंतर ध्यानात घ्यावे लागते. साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळेपर्यंत फाईलीला पात्रता, वारस, हिस्से, सोडत, करारनामा असे टप्पे पार करावे लागत. मूळ खातेदार मृत असल्यास दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला लागे, जो आजही मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या विनियमाखाली दिला जातो. म्हणजे एकविसाव्या शतकातील शहराचा भूखंड मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या काळातील नियमाने वाटला जात होता. जेथे टप्पे इतके, तेथे मध्यस्थ असणारच. ‘फाईलवर वजन ठेवणे’, ‘सेटिंग’ हे शब्द या काळात घरोघरी गेले. भूखंड हाती येण्यापूर्वीच विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, देऊन कुलमुखत्यारपत्र लिहून घेणारे दलाल आले आणि पुढे सिडको, भूखंडधारक व बिल्डर यांच्यातील त्रिपक्षीय कराराने भूखंड हस्तांतरित होऊ लागले. सामान्य समजुतीत स्वतःच्या हक्काची वस्तू मिळवण्यासाठी दिलेला पैसा हा दंड समजला जातो आणि दुसऱ्याच्या हक्काची वस्तू मिळवण्यासाठी दिलेला पैसा तेवढा भ्रष्टाचार ठरतो. कायदा असे मानत नाही: लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली तरच त्याची सुटका आहे. नैतिकदृष्ट्या गावाचा भेद अगदीच चुकीचा नाही, पण त्याने व्यवहारात मध्यस्थाला कायमची सनद दिली. लोकायुक्ताचे पद देशात सर्वांत आधी, १९७२ मध्ये, प्रत्यक्षात आणणाऱ्या राज्यात हे घडले.

याच कागदांनी घरातला एक जुना प्रश्नही उघडा पाडला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांच्या हिश्शात मुलींना वारसा दिला होता, महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये त्यांना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका जन्मसिद्ध हिस्सा दिला. भाताच्या शेतात बहिणीने हिस्सा मागण्याची रीत नव्हती; भूखंडाच्या पात्रतेसाठी मात्र तिचे नाव वारसांत आलेच आणि तिच्याकडून हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचे नोंदणीकृत पत्र, घेण्याची पद्धत पडली. सरकारने आमचा हिस्सा बुडवला असे म्हणणाऱ्या घरांनी बहिणीचा हिस्सा साडी-चोळीवर सोडवून घेतला, ही विसंगती या इतिहासात नोंदवावीच लागते. अलीकडे सही नाकारणाऱ्या बहिणींची प्रकरणे न्यायालयांत दिसतात. त्यांना घर फोडणाऱ्या म्हटले जाते, जसे कधी काळी संपकरी कुळांना म्हटले गेले असेल.

टक्केवारीच्या न्यायाची खरी मर्यादा तिच्या पायातच आहे: ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्यालाच टक्का. मिठागरात रोजाने राबणारा, बांधावर मजुरी करणारा, कातकरी कुटुंब, चिखलात हाताने निवटी आणि खेकडे धरणारी कोळीण यांचे नुकसान कोणत्याच गटनंबरात बसत नव्हते. खाडी कोणाच्याच नावावर नसल्यामुळे तिच्यातला भराव कोणाचेच नुकसान ठरत नसे. या बाबतीत गव्हाणचे नाव एका महत्त्वाच्या निकालाशी जोडले गेले आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी उरण कोळीवाडा, हनुमान कोळीवाडा, बेलपाडा आणि गव्हाण कोळीवाडा येथील १,६३० पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना एकूण ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश बंदर, सिडको व तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळ यांना दिला. ही रक्कम कुटुंबामागे सुमारे ५ लाख ८४ हजार रुपये पडते. तिचा आधार जमिनीची मालकी नव्हता, भरती-ओहोटीच्या पाण्यावर आणि खारफुटीवर चालणारी उपजीविका हा होता. खोतीविरुद्ध कुळांनी मांडलेला दावाही मुळात राबणाऱ्याच्या उपजीविकेचाच होता, हे ध्यानात घेतले तर हा निकाल साडेबारा टक्क्यांपेक्षा चरीच्या अधिक जवळचा ठरतो.

१२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण रेल्वेमार्ग सुरू होऊन उपनगरी रेल्वे गव्हाण परिसरातून धावू लागली आणि त्याच दिवशी मुंबईतील शिवडीहून येणाऱ्या अटल सेतू या सागरी पुलाचेही उद्घाटन झाले. जमिनीचे भाव आता पुन्हा चढतील, नवी संपादने होतील आणि जुन्या कागदांची रद्दी वेगाने निघेल. १९५७ नंतरचे ‘बत्तीस ग’चे निकाल, १९७० नंतरचे निवाडे, कलम १८ चे संदर्भ अर्ज आणि मच्छीमार कुटुंबांच्या याद्या हीच या परिसराच्या सामाजिक इतिहासाची अस्सल साधने आहेत, ती जिल्हा अभिलेख कक्षाने गावनिहाय लावून अभ्यासकांना खुली करावीत, आणि ज्यांची नावे यांपैकी कोणत्याच कागदावर नाहीत त्या मिठागर मजुरांच्या व कातकऱ्यांच्या हकिगती, सांगणारी माणसे हयात आहेत तोवर, गावच्या शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी लिहून घ्याव्यात.